तुमचे प्रश्न : अकरा वर्षांनी परत तेच पाच जण

प्रश्न (मिरजहून एक वाचक) : दादा, बाबांच्या कॅसेटच्या खोक्यात डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडची 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' सापडली, 1984 ची. बाबा म्हणतात ऐकच, पण माझा मित्र म्हणतो असे जुने बँड परत एकत्र येतात ते फक्त पैशासाठी. खरं काय?

उत्तर : पैसा होता रे, त्याशिवाय एवढा मोठा बँड परत उभा राहत नाही. पण बँडमधल्या त्या पाचातला कोणी रिकामा बसला नव्हता हे मित्राला सांग. गिटारवाला ब्लॅकमोर आणि बासवाला ग्लोव्हर रेनबो बँडमध्ये होते, ऑर्गनवाला जॉन लॉर्ड व्हाइटस्नेक बँडमध्ये, इयन पेस गिटारिस्ट गॅरी मूरकडे ड्रम्स वाजवत होता आणि गायक इयन गिलन तर 1983 ला ब्लॅक सॅबथ बँडच्या 'बॉर्न अगेन' अल्बमवर गाऊन आला होता. गिलन आणि ग्लोव्हर 1973 ला बाहेर पडले, 1976 ला बँडच संपला, आणि मग 1984 ला हे सगळे अमेरिकेत व्हर्मांटमधल्या स्टो नावाच्या छोट्या गावात जमले आणि मोबाइल स्टुडिओ आणून तिथेच रेकॉर्डिंग केलं.

आता तू एक कर, टायटल गाणं हेडफोन लावून ऐक. सुरुवातीला जो जाडजूड, खरखरीत आवाज येतो ना तो गिटारचा नाही, लॉर्डचा हॅमंड ऑर्गन आहे, तो गिटारसाठीच्या मार्शल अँपमधून वाजवायचा म्हणून असा गुरगुरतो. मग पेस येतो, घाई अजिबात नाही, जड पावलं टाकल्यासारखा. आणि ब्लॅकमोर, ज्याच्या सोलोसाठी लोक जीव टाकायचे, त्याने या अख्ख्या गाण्यात सोलो घेतलेलाच नाही! मला हा अल्बम आवडतो तो याच्यासाठी, की कोणी 1972 चा आपलाच पराक्रम परत करून दाखवायला गेला नाही, एकमेकांचं ऐकून वाजवलंय. गिलनसुद्धा त्यांच्या जुन्या 'चाइल्ड इन टाइम' गाण्यासारखा किंचाळत वर जात नाही, खालच्या सुरात ठामपणे गातो. 'मीन स्ट्रीक' आणि 'नोबडीज होम' मला साधारण वाटतात, पण 'वेस्टेड सनसेट्स' सोडू नको, ब्लॅकमोरचा सोलो हवा असेल तर तो तिथे आहे, संथ आणि फार दुखरा.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक) : माझा मामा सांगतो की 1995 ला मुंबईत डीप पर्पल आले तेव्हा त्याने ब्लॅकमोरला स्टेजवर बघितलं. हे शक्य आहे का?

उत्तर : नाही हो, मामांनी पाहिला तो ब्लॅकमोरच्या जागी आलेला गिटारिस्ट स्टीव्ह मोर्स. रियुनियननंतर ब्लॅकमोर आणि गिलनचं परत बिनसलं, 1987 च्या 'द हाउस ऑफ ब्लू लाइट'नंतर 1989 ला गिलनला काढलं, मग 1993 च्या अल्बमसाठी तो परत आला, आणि त्याच वर्षी टूर चालू असताना ब्लॅकमोरच निघून गेला. राहिलेले शो सांभाळायला गिटारिस्ट जो सॅट्रियानी आला आणि त्याच्यानंतर मोर्स. पण गिलन, लॉर्ड, ग्लोव्हर आणि पेस हे चौघं मुंबईत होते, म्हणजे 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' वाजवणारे पाचातले चार मामांनी डोळ्यांनी पाहिलेत, आणि लॉर्ड 2012 ला गेले, तेव्हा त्या रात्रीची किंमत मामांना विचारा.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक) : माझ्या एलपीवर आठ गाणी आहेत, मित्राच्या सीडीवर नऊ. माझी एलपी डुप्लिकेट आहे का?

उत्तर : तेवढ्यावरून डुप्लिकेट म्हणू नका. 'नॉट रिस्पॉन्सिबल' हे गाणं तेव्हा कॅसेट आणि सीडीवरच दिलं होतं, एलपीवर नव्हतं. मिरजच्या वाचका, तुझ्या कॅसेटवर आहे का बघ, आणि लावायच्या आधी टेप पेन्सिलने हळूच फिरवून मोकळी करून घे, इतकी वर्षं पडून राहिलेली टेप चिकटते आणि प्लेअरमध्ये गुंतली की संपलं.