अस्वल दाराची कडी कशी काढणार?

ड्रूइड (प्राण्याचं रूप घेऊ शकणारा निसर्गपूजक जादूगार) आणि त्याचं रूपांतर यावर या खेपेला इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढे ढकलले. सगळी पत्रं डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दलची आहेत. बहुतेकांच्या टेबलावर अजून २०१४ चं पुस्तक आहे, म्हणून उत्तरं त्याच नियमांना धरून दिली आहेत. २०२४ च्या पुस्तकात जिथे मोठा फरक आहे तिथे तसं लिहिलंय.

प्रश्न : मी पहिल्यांदाच डीएम (खेळ चालवणारा) झालोय. आमच्या ड्रूइडने दुसऱ्या लेव्हलला मून सर्कल (रूपांतरात तरबेज ड्रूइडांची शाखा) घेतलं आणि आता प्रत्येक मारामारीत तो तपकिरी अस्वल होतो. ३४ एचपी (मार सोसायचा साठा)! आमच्या फायटरचे २०. फायटर खेळणारी माझी मावसबहीण म्हणते, 'मी येऊ तरी कशाला?' काय करू?

तुमच्या बहिणीची तक्रार खरी आहे, पण बोट चुकीच्या आकड्यावर ठेवलंय. ढोबळ हिशेब करून बघू. चार गॉब्लिन समोर आहेत. गॉब्लिनचा नेम +४, अस्वलाचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) ११, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ७ किंवा जास्त आलं की वार लागला. शंभरातले सत्तर वार लागतात. वाराला सरासरी साडेपाच धरले तर चौघे मिळून राउंडला पंधरा एचपी काढतात आणि अस्वल तिसऱ्या राउंडला आडवं होतं. आता फायटर घ्या. चेनमेल आणि ढाल, एसी १८. तिच्यावर शंभरातले पस्तीसच वार लागतात, राउंडला साडेसात-आठ एचपी जातात. तिचे वीस संपायलाही तिसराच राउंड लागतो! ३४ आणि २० हे आकडे शेजारी ठेवले की डोळे दिपतात, पण मार खाण्यात दोघं जवळपास सारखी आहेत.

खरं दुखणं दोन ठिकाणी आहे. एक, अस्वलाचे दोन वार. चावा आणि पंजा दोन्ही लागले तर सरासरी एकोणीस. फायटरच्या तलवारीचा एकच वार, सात-आठ. दोन, अस्वल पडलं की आतून धडधाकट ड्रूइड बाहेर येतो आणि पुढच्या पाळीला दुसरं अस्वल होतो, कारण शॉर्ट रेस्टमागे (तासाभराच्या विश्रांतीमागे) दोन रूपं मिळतात. मून सर्कलवाल्याला तर बदलायला पूर्ण अ‍ॅक्शनही लागत नाही, बोनस अ‍ॅक्शनवर काम होतं.

यातलं पहिलं दुखणं आपोआप बरं होतं. पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा वार मिळतो आणि अस्वल तिथेच असतं. मून सर्कलला चालणाऱ्या प्राण्यांचा सीआर (ते किती बलवान हे सांगणारा आकडा) सहाव्या लेव्हलपर्यंत एकवरच अडकलेला असतो. दुसऱ्यावर औषध तुमच्या हातात आहे. दोन मारामाऱ्यांमध्ये दर वेळी तासभर विश्रांती देऊ नका. तुम्ही ती देताय, हे पत्रातूनच कळतंय. दोन रूपं तीन-चार प्रसंगांना पुरवायची म्हटलं की ड्रूइड स्वतःच हात आखडता घेतो.

आणि मारामारी सोडून इतर गोष्टी टेबलावर आणा. अरुंद शिडी. कडी लावलेलं दार. दोरीचा पूल. बाजारपेठ, जिथे अस्वल दिसताच लोक आरडाओरडा करत पळतील. रूप तासभर टिकतं हे खरं, पण त्या तासात बोलता येत नाही आणि हात नसतात. अस्वल दाराची कडी कशी काढणार? फायटर काढेल. एक करू नका मात्र : ड्रूइडला धडा शिकवायचा म्हणून प्रत्येक शत्रूला अस्वलावर सोडू नका. खेळाडूला दुसऱ्या मिनिटाला कळतं, आणि मग टेबलावर दोन नाराज माणसं होतात.

२०२४ च्या पुस्तकात हे बरंच ताळ्यावर आणलंय. आता प्राण्याचे एचपी मिळतच नाहीत. स्वतःचेच राहतात, वर लेव्हलइतके तात्पुरते, मून सर्कलला लेव्हलच्या तिप्पट. शिवाय सर्कल मिळतंच तिसऱ्या लेव्हलला. बदल्यात मून सर्कलचा एसी १३ अधिक विस्डमचा (शहाणपणाचा) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणाची भर, इतका वर जातो. मला हे जास्त आवडलं. जुने लोक नाक मुरडतात, मुरडू देत.

प्रश्न : ड्रूइडला फक्त 'पूर्वी पाहिलेला प्राणी' होता येतं, म्हणजे नक्की काय? मी ताडोबात वाघ पाहिलाय, मग माझा ड्रूइड वाघ होऊ शकतो ना?

पाहिला तुम्ही, ड्रूइडने नाही! ताडोबाचं तिकीट तुमच्या खिशात आहे, त्याच्या नाही.

नियम एका वाक्यात आटोपतो आणि बाकी डीएमवर सोडतो. मी पहिल्या सेशनला खेळाडूला विचारतो : तुझा ड्रूइड कुठल्या मुलखात वाढला? डोंगर, वाळवंट, किनारा? तिथले आठ-दहा प्राणी तो लिहून देतो आणि ती यादी पक्की. यादीबाहेरचं काही हवं असेल तर ते खेळात बघावं लागतं. आमच्या एका कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या खेळात) ड्रूइडला राक्षसी कोळी व्हायचं होतं म्हणून सगळी टोळी दोन सेशन एका गुहेत उतरली होती. मी काही आखलेलं नव्हतं, 'अजून पाहिला नाहीस' एवढंच म्हणालो होतो. २०२४ मध्ये ही अट गेली. चार ठरलेली रूपं घ्यायची, चौथ्या लेव्हलला सहा, आठव्याला आठ, आणि लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) एक बदलायचं. सुटसुटीत आहे, पण माझी गुहा गेली.

पुस्तकात आपल्याकडचे सगळे प्राणी नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. बिबट्याला पँथरचे आकडे चालतात. घोरपडीला मी जायंट लिझार्डचे देतो : पाव सीआर, १९ एचपी, चढण्याचा वेग ३० फूट. दुसऱ्या लेव्हलच्या ड्रूइडला उडणारं रूप बंद, पोहणारं बंद, पण चढण्यावर बंदी कुठेच लिहिलेली नाही. तानाजीच्या यशवंतीची दंतकथा ऐकून वाढलेल्या पोराला पहिल्यांदा हे कळतं तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आणि गंमत म्हणजे त्याच लेव्हलला साधा साप होता येत नाही, कारण सापाच्या तक्त्यात पोहण्याचा वेग लिहिलाय. (२०२४ मध्ये पोहण्याची अट काढली, साप सुटला.)

प्रश्न : ससाणा होऊन आकाशातून वीज पाडत राहता येईल का? आमचा डीएम म्हणतो प्राणी झाल्यावर स्पेल (मंत्र) बंद.

डीएम अर्धा बरोबर आहे. प्राण्याच्या रूपात नवा स्पेल टाकता येत नाही. ती सोय अठराव्या लेव्हलला मिळते. पण आधी टाकलेल्या स्पेलवरचं लक्ष रूप बदलल्याने तुटत नाही. कॉल लाइटनिंग हा वीज पाडायचा स्पेल तर नियमात उदाहरण म्हणूनच दिलाय : आधी ढग जमवा, मग रूप बदला, मग दर पाळीला अ‍ॅक्शन वापरून वीज पाडा. दहा मिनिटं, वाराला तीन डी-टेन (दहा बाजूंचे फासे). चालतं.

ससाण्याचं मात्र परत विचारात घ्या. पहिलं, उडणारं रूप आठव्या लेव्हलशिवाय नाही. दुसरं, ससाण्याला एचपी किती? एक. कुणाही फाटक्या धनुर्धाऱ्याचा एक बाण लागला की तुम्ही माणूस होता, साठ फुटांवर, पंखांशिवाय. उरलेलं नुकसान तुमच्या अंगावर येतं. साठ फुटांचे सहा डी-सिक्स, सरासरी एकवीस. बाण आणि आपटणं, दोन्हींसाठी लक्ष टिकवायची फेक वेगळी. मी हा प्रकार टेबलावर एकदाच पाहिला. खेळाडू आजही 'पावसात पडलेला ड्रूइड' म्हणून ओळखला जातो.

त्यापेक्षा झाडाच्या ढोलीत कोळी होऊन बसा. ज्या जागेवर वीज पाडायची ती ढगाखाली असली आणि दिसली पाहिजे, एवढीच अट. कोळ्याकडे कोण बघतंय?

प्रश्न : वाघ झाल्यावर वाघासारखं वागायचं की माणसासारखं? आणि लांडगा झालो तर लांडग्यांशी बोलता येतं का?

आपल्या गोष्टींत दोन प्रकार आहेत. एक परकायाप्रवेश : देह दुसऱ्याचा, आत जीव आपला, स्वतःचं शरीर कुठेतरी निपचित पडलेलं. दुसरा मारीचाचा : देह तोच, फक्त रूप सोन्याच्या हरणाचं. ड्रूइड दुसऱ्या प्रकारात मोडतो. मागे शरीर राहत नाही, म्हणून शत्रूला ते सापडण्याची भीतीही नाही. बुद्धी, विस्डम, करिश्मा, स्वभाव सगळं तुमचंच. ताकद, चपळाई आणि चिवटपणा तेवढा प्राण्याचा. तेव्हा वाघ होऊन कुणाला फाडलं तर 'माझ्यातलं जनावर जागं झालं' ही सबब चालणार नाही. हे तुम्हीच केलंत.

पॉलिमॉर्फ हा स्पेल वेगळा, त्याच्याशी घोळ करू नका. त्यात बुद्धीही प्राण्याची येते. कासव केलेला पंडित कासवाइतकाच हुशार.

बोलण्याबद्दल : नाही. ज्ञानेश्वरांच्या रेड्याने वेद म्हटले, ड्रूइडच्या रेड्याला ते जमत नाही. लांडग्याचं रूप घेतलं म्हणून लांडग्यांची भाषा येत नाही, कारण पुस्तकाच्या लेखी लांडग्याला भाषाच नाही. प्राण्यांशी बोलायचा स्पेल रूप बदलण्याआधी टाका, दहा मिनिटं टिकतो. मग घशातून गुरगुर निघत असताना तो चालतो का, यावर डीएम लोक भांडतात. मी चालवतो.

प्रश्न : घुबड-अस्वल व्हायचंय. २०२३ च्या चित्रपटात तर ड्रूइड झाली होती!

झाली होती, आणि दिसलीही झकास. नियमात बसत नाही. वाइल्ड शेप, म्हणजे ड्रूइडचं रूपांतर, फक्त 'बीस्ट' (जनावरं) या गटासाठी आहे, आणि औलबेअर (घुबड-अस्वल) 'मॉन्स्ट्रॉसिटी' या वेगळ्या गटात येतं. ड्रॅगन, ग्रिफन हेही बीस्ट नाहीत. तुमचा डीएम हो म्हणाला तर त्याचा खेळ आहे, मी कोण? मी मध्ये एकदा अस्वलाचेच आकडे ठेवून वर्णन घुबडाचं करू दिलं होतं. कुणाचं काही बिघडलं नाही.

डायनोसॉर मात्र बीस्ट आहेत, तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतो. टी-रेक्सचा सीआर ८. मून सर्कलची मर्यादा लेव्हलचा तिसरा हिस्सा, म्हणजे विसाव्या लेव्हललाही सहाच. मॅमथपर्यंत पोचाल, टी-रेक्सपर्यंत नाही. पण आठव्या लेव्हलला हाच ड्रूइड पॉलिमॉर्फ टाकून मित्राला टी-रेक्स करू शकतो. मित्राची बुद्धी जाते, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : बिबट्या झालो की चिलखत, झोळी आणि तुरुंगाची किल्ली कुठे जाते?

तुम्ही ठरवायचं : खाली पडेल, अंगात विरेल, किंवा बसत असेल तर अंगावर राहील. बसतं की नाही हे डीएम सांगेल. विरलेली वस्तू काम करत नाही, त्यामुळे जादूच्या अंगठीचा फायदा त्या वेळेपुरता विसरा. पण विरलेली वस्तू झडतीत सापडतही नाही. किल्ली, चिठ्ठी, चोरलेला हिरा. शहरातल्या कॅम्पेनमध्ये ड्रूइडचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, आणि तो कुणी करत नाही.

प्रश्न : पुस्तक महाग आहे. विकत न घेता नियम मिळतील का?

हो. २०१४ च्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, नव्या आवृत्तीचे २०२५ मध्ये. वाइल्ड शेप आणि बहुतेक प्राणी त्यात आहेत. मून सर्कल नाही, लँड सर्कल ही ड्रूइडची दुसरी शाखा आहे. नवशिक्याला मी तेच सुचवेन.

प्रश्न : या मर्यादा पूर्वीपासून होत्या की आम्हा पोरांना छळायला आणल्या?

पूर्वी जास्त होत्या! ड्रूइड खेळाडूंच्या हातात आला १९७६ मध्ये. १९७८ च्या पुस्तकात तर सातव्या लेव्हलपर्यंत थांबावं लागे, आणि मग दिवसातून तीन बदल : एकदा सस्तन, एकदा पक्षी, एकदा सरपटणारा. अस्वल संपलं की संपलं, मग पक्षी व्हा. मला ही जुनी वाटणी आवडते, एका छोट्या कॅम्पेनपुरती वापरूनही बघितली. बेडकाएवढ्यापासून काळ्या अस्वलाएवढ्यापर्यंतचीच आकारमर्यादा होती. तुम्हाला दुसऱ्या लेव्हललाच मिळतंय, नशीब समजा.

प्रश्न : दादा, उंदीर होऊन किल्ल्याच्या मोरीत शिरलो आणि आतच वेळ संपली. डीएम म्हणतो मेलास. खरंच?

दुसऱ्या लेव्हलला एक तास, चौथ्याला दोन, म्हणजे लेव्हलच्या निम्मे तास. हे तुम्ही आधी मोजायला हवं होतं. पण मेलास हे मी कधीच म्हटलं नसतं. वेळ संपली तरी दुसरं रूप शिल्लक असेल तर ते खर्चून उंदीरपण वाढवता येतं. ते होतं का शिल्लक? तेही नसेल तर माझ्या टेबलावर असं : वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी ड्रूइडला अंगात कळ येते आणि मी ते बोलून दाखवतो. तरीही आत राहिला तर जवळच्या मोकळ्या जागेत बाहेर फेकला जातो आणि फेकल्या गेलेल्या प्रत्येक पाच फुटांमागे एक डी-सिक्स खातो. तुमची मोरी किती लांब होती ते पत्रात लिहिलेलं नाही. डीएमला विचारा, आणि फासे तुम्हीच टाका.