सगळं मोबाइलवर टाकतो, तरी कामं राहतातच!

"मॅडम, रिमाइंडर लावतो, यादी करतो, तरी कामं राहतात. माझी स्मरणशक्ती गेली का?" हा प्रश्न हल्ली फार येतो. त्यातलीच एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

हे गृहस्थ नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या शीट मेटल युनिटमध्ये सुपरवायझर. डॉक्टरांकडून बी-१२, थायरॉइड तपासून झालं होतं, झोपही बरी होती. बोलता बोलता त्यांचा फोन वाजला. त्यांनी न बघताच अंगठ्याने अलार्म बंद केला आणि बोलणं पुढे चालू. "कशाचा होता?" मी विचारलं. त्यांना सांगता येईना.

मग यादी उघडायला लावली. ६४ नोंदी! 'गेज कॅलिब्रेशन' (म्हणजे मापं घ्यायची साधनं अचूक आहेत का ते तपासणं), 'आईचा चष्मा', 'पीएफ' आणि एका ओळीत नुसतंच 'राजू'.

"हा राजू कोण?"

"दोन आहेत. एक वेल्डर, एक मेव्हणा. यातला कुठला, ते आता आठवत नाही."

स्मरणशक्तीला बोल लावण्यासारखं यात काही नव्हतं. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली जास्त आठवतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. पुढे २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं, की काम झालं नसलं तरी ते कधी, कुठे, कसं करायचं हे नक्की केलं की त्याची डोक्यातली टोचणी कमी होते. नुसतं 'पीएफ' लिहून काहीच नक्की होत नाही. तिथेच बसून आम्ही ती नोंद बदलली: 'गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर दोन नव्या कामगारांचे आधार नंबर अकाउंटंटला देणे.' अशा सगळ्या नोंदी तपासताना निम्म्याहून जास्त पुसल्याच गेल्या. काही तर कधीच होऊन गेल्या होत्या!

दुसरी अडचण फोनची. यादी बघायला हातात घ्यायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाऊण तास घालवायचा, हे त्यांनीच कबूल केलं. १९९६ साली 'पायलट' नावाची, पुढे 'पामपायलट' म्हणून ओळखली गेलेली, खिशात मावणारी डिजिटल डायरी आली. तिच्यावर तारखा, पत्ते, कामं आणि टिपणं यांसाठी चार बटणं होती, इंटरनेटचं नाव नव्हतं. मला ते यंत्र अजून शहाणं वाटतं. नवीन काही विकत घेऊ नका म्हटलं. घरात जुना फोन पडून होताच. त्यातलं सिम काढलं, वाय-फाय बंद केलं, कॅलेंडर आणि यादी तेवढी ठेवली. सकाळी शॉप फ्लोअरवर जायच्या आधी त्यातली तीनच कामं 'आज'मध्ये घ्यायची, आणि अलार्म फक्त ठरलेल्या वेळेच्या कामाला.

खरी कसोटी होती शेठसमोर. ते जाता-येता काम सांगणार आणि हे 'हो साहेब' म्हणत टिपून घेणार. मला विचाराल तर ६४ नोंदींचं मूळ या 'हो'मध्ये होतं. आम्ही एक वाक्य बोलून बोलून घोटवलं: "साहेब, आज ही तीन आहेत. हे घेतो, मग यातलं कुठलं उद्यावर टाकू?"

पहिल्यांदा शेठ चिडले. दुसऱ्या वेळी त्यांनी यादी हातात घेऊन पाहिली आणि कॅलिब्रेशन पुढे ढकलायला सांगितलं. संध्याकाळी घरी आल्यावर ग्रुपवर येणाऱ्या कामांचं काय करायचं, यावर मात्र आमचं अजून चालू आहे.