हायकोर्टाचा जज व्हायची परीक्षाच नसते, मग निवड होते कशी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, पुतणी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे तर हायकोर्टाच्या जजची परीक्षा कधी असते, आणि कोल्हापूरला सुरू झालंय ते वेगळं हायकोर्ट आहे का. वकिलीत बरीच वर्षं गेलीत आणि हे दोन्ही प्रश्न मला पक्षकारही विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कोल्हापूरचं. हायकोर्ट एकच आहे, मुंबई उच्च न्यायालय, १८६२ पासूनचं. मुख्य पीठ मुंबईत, आणि नागपूर, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि गोवा इथे त्याचीच पीठं बसतात, म्हणजे जज त्याच हायकोर्टाचे, फक्त बसायची जागा वेगळी. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच चालू झालं, म्हणजे ह्याच हायकोर्टाचे जज तिथे जाऊन बसतात, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे येतात. त्याच्यासाठी तिकडच्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि ते योग्यच होतं, सिंधुदुर्गातल्या माणसाने एका तारखेसाठी मुंबईपर्यंत किती वेळा जायचं?

पेपरात वाचताना एक घोळ होतो तो पण सांगतो. 'खंडपीठ' हा शब्द दोन अर्थांनी छापतात. 'नागपूर खंडपीठ' म्हणजे जागा, आणि 'न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला' म्हणजे दोन जज एकत्र बसलेले, ज्याला आम्ही डीबी (डिव्हिजन बेंच) म्हणतो. एकटा जज बसला तर सिंगल बेंच, तीन किंवा जास्त बसले तर फुल बेंच. आणि कोणती केस कोणापुढे जाणार हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, त्याला रोस्टर म्हणतात, बाकी जज कितीही सिनिअर असले तरी स्वतः केस निवडून घेऊ शकत नाहीत.

आता परीक्षेचं. परीक्षा नाही, जाहिरात नाही, अर्ज पण करता येत नाही! घटनेचं कलम २१७ एवढंच सांगतं की माणूस भारताचा नागरिक हवा आणि दहा वर्षं हायकोर्टात वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पदावर काम झालेलं हवं. नावं सुचवतं कॉलेजियम, म्हणजे हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्याखालचे दोन सर्वांत सिनिअर जज. ढोबळ मानाने दोन तृतीयांश वकिलांमधून आणि एक तृतीयांश जिल्हा न्यायाधीशांमधून घेतात. वकिलाला बोलावून संमती विचारतात, आणि जोरात चालणारी प्रॅक्टिस सोडायला सगळेच तयार होत नाहीत. जिल्हा न्यायाधीशांची अडचण वेगळी, हायकोर्टात रिटायरमेंट ६२ ला, आणि नंबर लागेपर्यंत वय इतकं झालेलं असतं की बऱ्याच जणांच्या हातात चारपाच वर्षंच उरतात.

नाव सुचवल्यावर फाइलचा खरा प्रवास सुरू होतो. राज्य सरकारचं, राज्यपालांचं मत, मग केंद्राचं कायदा मंत्रालय, आयबीचा (केंद्राच्या गुप्तचर विभागाचा) रिपोर्ट, मग सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम म्हणजे सरन्यायाधीश आणि दोन सिनिअर जज, तिथून परत केंद्र सरकार आणि शेवटी राष्ट्रपतींच्या सहीचं वॉरंट, म्हणजे नेमणुकीचा आदेश. केंद्राने हरकत घेऊन नाव परत पाठवलं आणि कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमणूक करायलाच पाहिजे असं १९९३ आणि १९९८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी ठरलंय, पण ती तीन-चार आठवड्यांत व्हावी असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं तरी प्रत्यक्षात तशी सक्ती होत नाही, आणि माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे. नाव नाकारत पण नाहीत, नेमत पण नाहीत, फाइल नुसती पडून राहते आणि काही चांगले वकील वाट बघून कंटाळून संमतीच मागे घेतात. मुंबई हायकोर्टात जजची मंजूर पदं ९४ आहेत पण ती पूर्ण भरलेली मी तरी कधी बघितली नाहीत, आणि त्याची किंमत अपील पडून राहिलेला पक्षकार मोजतो.

कॉलेजियमऐवजी वेगळा आयोग आणायचा प्रयत्न ९९ व्या घटनादुरुस्तीने झाला होता, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. मला स्वतःला निवड न्यायाधीशांच्या हातात असणं पटतं, कारण हायकोर्टात सरकारच्याच विरोधात सर्वांत जास्त रिट (सरकारी निर्णयाला आव्हान देणाऱ्या याचिका) असतात, पण एखादं नाव का घेतलं आणि एखादं का गाळलं हे लोकांना कळायला पाहिजे, तिथे मी अजिबात समाधानी नाही.

नेमणूक झाली तरी बहुतेक जण सुरुवातीला अतिरिक्त न्यायमूर्ती असतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, मग कायम होतात. मुख्य न्यायमूर्ती साधारणपणे दुसऱ्या राज्यातून आणतात.

पुतणीला सांगा, परीक्षा देऊन न्यायाधीश व्हायचं असेल तर रस्ता खालून आहे, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, ज्याला आपण जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) म्हणतो, ती परीक्षा एमपीएससी घेते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला तीन वर्षं वकिलीची अट परत आणली, त्यामुळे जाहिरात आली की अटी नीट वाचायच्या. दुसरा रस्ता सात वर्षं वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं. दोन्हीकडे वकिली लागतेच, तेव्हा सनद मिळाली की आधी चांगल्या सिनिअरकडे जॉइन होऊ दे, आणि ड्राफ्टिंग पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हाताने करू दे.