‘गंमत म्हणून’ हे शब्द पत्रात लिहू नका

प्रश्न: आम्ही सिएटलजवळ राहतो. गौरीच्या हळदीकुंकवाला परसात बायका जमल्या असताना माझ्या सहा वर्षांच्या मुलाने एका काकूंची खुर्ची मागून ओढली. त्या पडल्या, मनगट मोडलं. आता वकिलाचं पत्र आलंय, त्यात ‘बॅटरी’चा, म्हणजे दुसऱ्याच्या अंगाला जाणूनबुजून इजाकारक स्पर्श घडवल्याचा, आरोप आहे. त्याने गंमत म्हणून केलं, वाईट हेतू नव्हता, असं कळवू का?

उत्तर: ताई, तेवढं मात्र करू नका. गंमत करायची होती म्हणजे काकू पडणार हे त्याला ठाऊक होतं, असा अर्थ निघतो; आणि बॅटरीला हेतू म्हणून तेवढं पुरतं. मनात आकस असावाच लागतो असं नाही. हातही लागला नाही म्हणाल, तर जमिनीवर आदळणं हाच ‘स्पर्श’ धरतात.

तुमच्याच वॉशिंग्टन राज्यातला ‘गॅरट विरुद्ध डेली’ हा खटला बघा. १९५१च्या जुलैत पावणेसहा वर्षांच्या मुलाने परसातली हलकी कॅनव्हासची खुर्ची थोडी सरकवली आणि स्वतः बसला. बाई तिथेच टेकताहेत हे दिसताच तो धडपडत उठला, खुर्ची परत त्यांच्याकडे ढकलू लागला. उशीर झाला होता, खुबा मोडला. खालच्या कोर्टाला मुलाचा हेतू दिसला नाही. १९५५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं: इजा करायची इच्छा नसेलही, पण खुर्ची हलवताना त्या तिथे बसणार हे त्याला जवळजवळ खात्रीने माहीत होतं का? ‘होतं’ असं ठरलं, आणि ११,००० डॉलरची भरपाई बसली. वयाने सुटका झाली नाही. त्या वयाला काय कळतं, एवढ्यापुरतंच ते मोजलं गेलं.

म्हणजे तुमचंही सगळं एका क्षणावर अडलंय: खुर्चीला हात घातला तेव्हा काकू बसायला वाकल्या होत्या का, आणि ते त्याला दिसत होतं का? नुसती खुर्ची हवी होती, लक्षच नव्हतं, तर बॅटरी टिकणं कठीण. त्याला एकदाच, जवळ घेऊन विचारा. जे सांगेल ते तिथल्या तुमच्या वकिलाला सांगा. उत्तर पढवू नका. एवढ्याशा पोरावर ते ओझं घालणं मला पटत नाही.

पत्राची प्रत घराच्या विमा कंपनीला आजच पाठवा. बहुतेक पॉलिसींत जाणूनबुजून केलेली इजा वगळलेली असते, म्हणून काय घडलं तेवढंच खरं लिहा, हेतूबद्दल काही नको. मुलाने मुद्दाम इजा केल्याचं ठरलं, तर तिथला कायदा पालकांवर ५,००० डॉलरपर्यंत जबाबदारी टाकतो. तुमचा स्वतःचा हलगर्जीपणा निघाला तर ती मर्यादा नाही. बॅटरीच्या दाव्याची मुदत दोन वर्षं आहे, गप्प बसून हे मिटणार नाही.

काकूंना भेटायला जरूर जा, डबा न्या, हात कसा आहे विचारा. खुर्चीचा विषय तेवढा तिथे काढू नका.