डिकीवर एम३, आत ३२०डी

भाऊ, कॉलेज रोडला डिकीवर ‘एम३’ (बीएमडब्ल्यूचं दमदार, वेगवान मॉडेल) मिरवणारी बीएमडब्ल्यू विकायला दिसली, तर आधी आरसी बघा. १९९५ सीसी डिझेल लिहिलं असेल तर ती साधी ३२०डी. सध्याच्या एम३ला २९९३ सीसीचं पेट्रोल इंजिन असतं. फेंडरवरचा (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावरचा) नुसता ‘एम’ मात्र एम स्पोर्टला, म्हणजे साध्या गाडीच्या स्पोर्टी रूपाला, कंपनीच लावून देते, त्याला नावं ठेवू नका.

खोटा बॅज काढायचा तर हेअर ड्रायरने मिनिट-दोन मिनिटं गरम करा आणि मागून डेंटल फ्लॉस करवतीसारखा ओढा. ब्लेड अजिबात नको, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) जातो. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अक्षरांची खूण राहिली तर घाबरू नका. बाकीचा रंग उन्हाने उतरलेला असतो. पॉलिशने ती फिकी होते, पूर्ण जाईलच असं नाही. सोनेरी क्रोम रॅपवाली (रंगावर चकचकीत फिल्म चिकटवलेली) गाडी? आरसीवरचा रंग जुळवा, नाहीतर सरळ पुढे चला.