मारेकऱ्याचा स्वभाव आणि त्याची वाटचाल

प्रश्न : एखाद्या नेत्याची हत्या झाली की मारेकरी माथेफिरू होता, असे लगेच म्हटले जाते. राजकीय हत्या करणाऱ्यांचा काही ठरावीक स्वभाव असतो का आणि तो आधी ओळखता येतो का?
– एक वाचक

उत्तर : मारेकऱ्याला वेडा ठरवले की आपल्या मनाला दिलासा मिळतो, कारण मग तो आपल्यातला राहत नाही, पण अभ्यासातून समोर आलेले चित्र इतके सोपे नाही. अध्यक्षांचे व इतर नेत्यांचे संरक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने 1949 पासूनच्या काळात नेत्यांवर व प्रसिद्ध व्यक्तींवर हल्ला करणाऱ्या किंवा त्या इराद्याने त्यांच्याजवळ पोहोचलेल्या 83 जणांची प्रकरणे तपासली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष असा, की वय, शिक्षण, स्वभाव किंवा आजार यांवरून मारेकऱ्याचा एकच एक साचा काढता येत नाही. साम्य आढळले ते त्यांच्या वागण्याच्या क्रमात : मनात धरलेला सल, हिंसेवाचून मार्ग नाही अशी हळूहळू झालेली खात्री, मग लक्ष्याची निवड, शस्त्राची जुळवाजुळव आणि जागेची पाहणी.

मानसिक आजार मुळीच नसतो, असे मात्र नाही. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या चार्ल्स गिटोला ईश्वरानेच आपल्याला ही आज्ञा दिल्याचा भ्रम होता, आणि आपल्या भाषणामुळे गारफिल्ड निवडून आले असताना पॅरिसमधील वकिलातीचे पद आपल्याला नाकारले, हा रागही होता. तरीही त्याने अनेक दिवस अध्यक्षांचा माग काढला आणि एकदा तर त्यांची आजारी पत्नी सोबत असल्याचे पाहून बेत पुढे ढकलला. भ्रम आणि थंड डोक्याचे नियोजन एकाच माणसात नांदू शकतात, ही गोष्ट आपण फार सहज विसरतो.

मला सर्वांत बोलकी वाटते ती लक्ष्याची अदलाबदल. आर्थर ब्रेमर हा 21 वर्षांचा तरुण 1972 मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या मागावर कॅनडाची राजधानी ओटावापर्यंत गेला, परंतु कडक बंदोबस्तामुळे त्याला संधी मिळाली नाही. त्यानंतर त्याने अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना निवडले, आणि वॉलेस यांना मारून निक्सन यांच्याइतकी प्रसिद्धी मिळणार नाही, ही खंत दैनंदिनीत लिहून ठेवली. दोन नेत्यांच्या धोरणांतील फरक त्याच्या लेखी गौण होता. आपल्याला कोणीतरी ओळखावे, ही त्याची भूक होती. 2022 मध्ये जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या करणाऱ्या तेत्सुया यामागामीचा मूळ राग, आईने ज्या धर्मपंथाला भरमसाट देणग्या दिल्या, त्या पंथावर होता. पंथाच्या प्रमुखांपर्यंत पोहोचणे अवघड म्हणून त्याने पंथाशी जवळीक असल्याचे वाटलेले आबे निवडले.

कट करून हत्या करणाऱ्यांचे वेगळे. साराजेव्होत 1914 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांना मारणारा 19 वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप एका राष्ट्रवादी गटाचा भाग होता. शरीराने किरकोळ म्हणून त्याला पूर्वी सर्बियन स्वयंसेवकांच्या तुकडीत घेतले गेले नव्हते. तो अपमान त्याच्या मनात असावा. मात्र अशा गटात वैयक्तिक सल असो वा नसो, विचारसरणी आणि सोबती मिळून माणसाचा संकोच मोडून काढतात, म्हणून तिथे एकट्याच्या मनाचे विश्लेषण अपुरे पडते.

ओळखता येतो का, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे दोन भागांत द्यावे लागते. एकलकोंडेपणा, अपयश, नैराश्य यांवरून नाही. ही लक्षणे असलेल्या असंख्य माणसांनी कधी कोणावर हात उचललेला नसतो. वागण्यावरून काही वेळा येतो. वर उल्लेखलेल्या 83 जणांपैकी एक दशांशाहूनही कमी लोकांनी लक्ष्याला किंवा पोलिसांना थेट धमकी दिली होती, पण आपला इरादा मित्रांपाशी, नातलगांपाशी किंवा कागदावर सूचित करणारे पुष्कळ होते. 1948 च्या जानेवारीतही असेच घडले. गांधीजींच्या हत्येच्या कटातील मदनलाल पाहवा याने मुंबईतील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना कटाविषयी आधीच सांगितले होते, परंतु जैन यांना ती निव्वळ बढाई वाटली. 20 जानेवारीला बिर्ला भवनात स्फोट होऊन पाहवा पकडला गेल्यावर त्यांनी मुंबई सरकारकडे धाव घेतली. स्फोटापासून हत्येपर्यंत 10 दिवस हातात होते.