सैतानाला किती वेळा धमकवायचं?

संजीवन सभांचा, म्हणजे विश्वास जागवण्यासाठी भरणाऱ्या ख्रिस्ती सभांचा मोसम संपला, की पुढच्या आठ-पंधरा दिवसांत माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "आंटी, मी प्रार्थना करते, वचन वाचते, उपासही करते, तरी मनात नको नको ते विचार येतात. सैतानानं मला धरलंय का? माझा विश्वास कच्चा पडतोय का?" विचारणारी माणसं बहुतेक मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, सगळ्यात धडपडी असतात. वर्षातून एकदा नाताळला तोंड दाखवणारा हा प्रश्न घेऊन कधी आलेला नाही.

अशाच एका मुलीची हकीकत तिच्या परवानगीनं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातलं चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. ती शाळेत शिक्षिका, रविवारच्या शाळेतही शिकवणारी. आईबरोबर आली. बोलता बोलता मध्येच थांबायची, ओठ हलायचे आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा.

"काय मोजतेस गं?"

आईकडे बघून ती हळूच म्हणाली, "धमकावते त्याला. 'येशूच्या नावात दूर हो.' सात वेळा. मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून."

पर्समधली छोटी डायरी तिनं पुढे केली. दर दिवसाला उभ्या रेघांचे गठ्ठे, पाच-पाचचे. विचार किती आले ते एका बाजूला, किती वेळा धमकावलं ते दुसऱ्या बाजूला. शेवटच्या पानांवर रेघा इतक्या दाटल्या होत्या, की कागद फाटायला आला होता.

सुरुवात एका प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या रविवारी झाली. पाळकसाहेबांनी भाकर उचलली आणि तिच्या मनात ख्रिस्ताविषयी एक शिवी आली. ती हादरली. पुढच्या उपासनेत ती शिवी येते का म्हणून लक्ष ठेवून बसली, आणि अर्थातच आली. मग तिनं प्रभुभोजन सोडलं, कारण अयोग्य रीतीनं भाकर खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, असं बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात जे लिहिलंय ते तिला पाठ होतं. पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायातलं वचन वाचल्यावर झोपही गेली. एका प्रार्थना गटानं रात्री उशिरापर्यंत सुटकेची, म्हणजे सैतानाच्या तावडीतून सोडवण्याची प्रार्थना केली, घरावर पूर्वजांचा शाप आहे म्हणून सांगितलं आणि लांबलचक उपास लावला. उपासात ती चक्कर येऊन पडली, तर तीही सैतानाचीच खूण ठरली.

अशी माणसं हेतूनं वाईट नसतात. पण कोणी भूत काढण्याच्या नावाखाली मारलं, बांधून ठेवलं तर तो महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे मंडळीतल्या वडीलमंडळींनी एकदा वाचून ठेवावं.

मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान ओसीडीचं झालं, ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. आई एकदम म्हणाली, "पण ती सारखे हात नाही धूत!" मंत्रचळ नुसता हातांचा नसतो. नको असलेले विचार जवळपास सगळ्यांच्याच मनात डोकावतात. बाळंतिणीच्या मनातही 'बाळ हातातून टाकलं तर' असं येऊन जातं. बहुतेकांचा तो विचार आला तसा निघून जातो. मंत्रचळात माणूस त्याला धरून बसतो, घाबरतो, तो पुसायला काहीतरी विधी करतो. क्षणभर बरं वाटतं, आणि तेवढ्यानंच मनाला पटतं की धोका खराच होता. पुढच्या वेळी तोच विचार जास्त जोरात येतो. आणि तो नेमका माणसाला सगळ्यात प्रिय असलेल्या गोष्टीवर येऊन बसतो. ज्याला ख्रिस्ताचं काही वाटत नाही, त्याला ख्रिस्ताविषयीच्या शिवीनं घाम फुटत नाही.

हे आजचं नाही. जॉन बनियन या इंग्रज उपदेशकानं 1666 साली छापलेल्या आत्मकथनात लिहून ठेवलंय, की 'ख्रिस्ताला विकून टाक' हे शब्द जेवताना, लाकूड फोडताना त्याच्या डोक्यात घुमत राहायचे. तो दर वेळी उत्तर द्यायचा, नाही विकणार, हजारो जगं दिली तरी नाही विकणार. उत्तर देऊन देऊन तो पार थकून गेला. मी ते सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

"मग बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचं काय? सैतानापुढे टिकून राहा म्हटलंय ना?"

आम्ही 6वा अध्याय उघडला. सैतानाचे डावपेच आहेत, हे मीही मानते; तिथं तिच्याशी माझा वाद नव्हता. पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथं काय करायला सांगतो? सैतानाच्या मागे धावा, दर बाणाची नोंद ठेवा, असं कुठंच नाही. आहात तिथं उभे राहा. देवानं दिलेली शस्त्रसामग्री, म्हणजे सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण हे सगळं मिळालेलं घालायचं आहे, स्वतः घडवायचं नाही. ती ढालही रोमी शिपायाची, जवळपास माणसाला झाकणारी; असे शिपाई रांगेत ढालीला ढाल भिडवून उभे राहायचे. पत्र मंडळीला लिहिलंय, एकटीनं खोलीत लढायला नाही. स्वतः बेड्यांत असलेला पौलसुद्धा त्याच अध्यायात 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणतो.

रानात सैतानानं परीक्षा घेतली तेव्हा खुद्द येशूनं काय केलं तेही आम्ही पाहिलं. तीन परीक्षा, तीन उत्तरं, तिन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली. एका परीक्षेला एकच उत्तर. सात वेळा नाही.

मग काम ठरलं. सातावरून एकावर यायचं. त्यानंतर ते एकही दहा मिनिटं लांबवायचं, पुढे सोडूनच द्यायचं. विचार आला तर येऊ द्यायचा, भांडायचं नाही, गीताची पुढची ओळ म्हणायची. डायरी माझ्याकडे. उपासनेत दाराजवळची जागा सोडून पुढच्या बाकावर. आईलाही काम होतं: "देव रागावला नाही ना?" हे दिवसातून कितीदा तरी विचारलं जायचं आणि आई दर वेळी जीव तोडून समजावायची. ते समजावणंही धमकावण्यासारखाच विधी झालं होतं. आईला ते बंद करणं मुलीपेक्षा जड गेलं.

तिच्या संमतीनं पाळकसाहेबांशी बोलले. त्यांनी रात्रीच्या प्रार्थना थांबवल्या. मंडळीतल्या दोघी जणी संध्याकाळी तिच्याबरोबर एक स्तोत्र वाचायच्या आणि चहा पिऊन जायच्या. विचारांची चौकशी करायची नाही, एवढीच अट.

गोळ्या घ्यायला ती तयार नव्हती. "गोळी म्हणजे अविश्वास नाही का?" मी तिला बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचायला दिला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा खायला लावतो. गोळ्या सुरू झाल्या. परिणाम दिसायला बरेच आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून धीर सुटला नाही.

सगळेच विचार मंत्रचळाचे नसतात, हेही सांगते. बाहेरून आवाज ऐकू येत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम होत असेल, मरावंसं वाटत असेल, तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी असलेल्या टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि खरंखुरं आत्मिक युद्ध? तिच्या बाबतीत ते डायरीत नव्हतंच. ती वहिनीशी दोन वर्षं बोलत नव्हती, आजीच्या दागिन्यांवरून. हे तिनं बऱ्याच भेटींनंतर, जाता जाता सांगितलं. त्याच इफिसकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात लिहिलंय, रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, सैतानाला वाव देऊ नका. शिवीच्या विचारावर रात्र रात्र प्रार्थना झाली. या अबोल्याबद्दल कोणी विचारलंच नाही. मंडळ्यांमधल्या मालमत्तेच्या भांडणांवर तरी सुटकेची प्रार्थना कोण ठेवतं म्हणा.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला: "आंटी, आज प्रभुभोजन घेतलं. विचार आला होता. तरी घेतलं." गोळी चालू आहे, डॉक्टरांनी निदान वर्षभर तरी बंद करू नको म्हटलंय. वहिनीला तिनं एकदा फोन केला, तो वहिनीनं उचलला नाही. पुढच्या भेटीत त्यावरच बसणार आहोत.